पोराचं दुपारचं जेवण शाळेत होतं, आधी नाव घाला

गावाकडून पुण्यात आलात, काम कधी मिळतं कधी नाही, आणि महिन्याच्या वीस तारखेनंतर पिठाचा डबा वाजायला लागतो, असं असेल तर बाकी सगळं सोडा, आधी पोरांची नावं मनपाच्या शाळेत घाला. पहिली ते आठवीच्या पोरांना मनपाच्या, सरकारी आणि अनुदानित शाळेत दुपारी शिजवलेलं जेवण फुकट असतं. कागदावर 2021 पासून पीएम पोषण म्हणतात, त्याआधी शालेय पोषण आहार होतं, पण आपल्याकडे सगळे खिचडीच म्हणतात, तुम्हीपण तसंच विचारा. पाचवीपर्यंत पोरामागे 100 ग्रॅम आणि पुढे आठवीपर्यंत 150 ग्रॅम धान्य धरलेलं असतं, वर डाळ-भाजी वेगळी.

आता अडतं कुठे ते सांगते. आमच्या वस्तीत मागच्या दिवाळीनंतर बीडकडची एक ताई आली, पोरगा आठ वर्षांचा, ती एका शाळेत गेली तर ऑफिसातल्या माणसाने सांगितलं दाखला नाही, वर्ष अर्धं संपलं, जूनमध्ये या. ती बिचारी परत आली. हे चुकीचं आहे बरं का! 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात, ज्याला आरटीई म्हणतात, 6 ते 14 वयाच्या पोराला वर्षाच्या मध्येही घ्यावं लागतं, जन्माचा दाखला किंवा आधीच्या शाळेचा दाखला नाही म्हणून परत पाठवता येत नाही, आणि आधार नाही म्हणून पोराचं काही अडवायचं नाही असं सुप्रीम कोर्टाने 2018 मध्येच सांगितलंय. दुसऱ्या दिवशी मी सोबत गेले, ऑफिसात न थांबता सरळ मोठ्या बाईंना, म्हणजे मुख्याध्यापिकेला भेटलो, आवाज चढवला नाही, फक्त "बाई, आरटीईमध्ये बसतं ना हे" एवढंच म्हटलं. दहा मिनिटांत नाव लागलं. तुम्हीपण एकटे जाऊ नका, शेजारच्या कुणालातरी घेऊन जा, दोघं असले की बोलणं वेगळं होतं.

पोराला घरून डबा नाहीतर ताटली द्या, आणि त्यावर भांड्यांच्या दुकानातून नाव घालून घ्या, नाहीतर आठवड्यात हरवते.

त्या बीडच्या ताईच्या पोराचं काय झालं, तो अर्धीच खिचडी खायचा आणि उरलेली झाकण लावून घरी आणायचा, तीन वर्षांच्या बहिणीला. बाईंच्या लक्षात आलं तेव्हा त्यांनीच अंगणवाडीचं सांगितलं, आम्हाला कुणाला सुचलं नव्हतं. सहा महिने ते सहा वर्षांच्या पोरांना अंगणवाडीतून आहार मिळतो, तीन वर्षांखालच्यांना घरी न्यायला पाकिटं, मोठ्यांना तिथेच गरम खाऊ. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांनापण मिळतं. वस्तीतल्या अंगणवाडी सेविकेला गाठा, तिला सगळ्यांची घरं माहीत असतात.

शाळा चालू असून खिचडी आली नाही तर गप्प बसू नका. 2015 च्या नियमात त्या दिवसाचं धान्य आणि शिजवायचा खर्च पोराला भत्ता म्हणून द्यायचा आहे, तो पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत. कुठल्या तारखेला आली नाही ते वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा, तोंडी सांगितलं तर "बघतो" म्हणतात. आणि पोरांना वाढायच्या आधी शिक्षकाने खिचडी चाखून बघायची असते, वास आला तर लगेच सांगा.

मोठ्यांचं काय, तर रेशन. कार्ड गावचं आहे म्हणून पुण्यात चालत नाही असं वाटतं, पण अंत्योदय किंवा प्राधान्य यादीत नाव असेल तर पुण्यातल्या कुठल्याही रेशन दुकानात अंगठा लावून धान्य घेता येतं, प्राधान्यवाल्यांना माणशी 5 किलो, पैसे लागत नाहीत. दुकानदार टाळायला लागला तर 1967 वर फोन करा.

सुट्टीत खिचडी बंद, मे महिना सगळ्यात अवघड जातो. तेव्हा अगदीच हातात काही नसेल तर कॅम्पातल्या गुरुद्वाऱ्यात लंगरला, म्हणजे तिथल्या फुकट जेवणाला जा, डोक्यावर घ्यायला रुमाल न्या, पोरांनापण. कोण कुठले असं तिथे कुणी विचारत नाही.