उत्पन्न विचारू नका, घर विचारा

"महिन्याला किती मिळतं?" हा प्रश्न घराची आर्थिक स्थिती कळावी म्हणून आरोग्य पाहणीच्या फॉर्मवर असेल, तर आधी खोडा. शेतमजुरी, हंगामी काम, मुंबईहून मुलगा पाठवतो ते पैसे... आकडा कोण धड सांगणार? त्यात आम्ही सरकारी माणसं वाटलो की तो हमखास खाली येतो. रेशनकार्डाचा रंग लिहून घ्या, पण त्यावर विसंबू नका.

भिंती, छप्पर, पाणी, संडास, फ्रीज, मोटारसायकल, शेती, जनावरं, हे विचारा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातलेच प्रश्न उचललेत तर पुढे तुलना जमते. फक्त शब्द जपून. "गॅस आहे का?" नको. सिलिंडर कोपऱ्यात, त्यावर मिरच्यांची सुपली, आणि भाकरी चुलीवर! "स्वयंपाक जास्त करून कशावर होतो?" असं विचारा. संडास असला तरी तो आणखी किती घरं वापरतात हेही लिहा.

या उत्तरांना गुण देऊन प्रत्येक घराचा एक निर्देशांक, म्हणजे आर्थिक स्थितीचा एकच आकडा, काढायचा. पण कुठल्या वस्तूला किती गुण, हे मनाने ठरवू नका. मुख्य घटक विश्लेषण ही संख्याशास्त्रातली पद्धत कुठल्या वस्तू एकत्र सापडतात ते पाहून गुण ठरवते; तिच्यातला पहिला, म्हणजे घराघरांतला फरक सगळ्यात जास्त दाखवणारा घटक घ्या. मग गरिबापासून श्रीमंतापर्यंत पाच सारखे गट पाडा, पण घरं मोजून नव्हे, माणसं मोजून: आठ जणांचं घर आठदा धरायचं.

चाळीतल्या खोलीत नळ, टीव्ही असतो, बैलजोडी नसते. म्हणून शहर आणि गाव यांचे निर्देशांक वेगळेही काढून बघा. आणि अभ्यास जुलाबाचा असेल, तर पाणी-संडास वगळून पुन्हा गणित करा. नाहीतर गरिबीचा परिणाम कुठला आणि घाण पाण्याचा कुठला, वेगळं काढता येत नाही.