टेन्शन मीटरचा आकडा खरा कसा करायचा: वजन टांगून तपासणी आणि तापमानाचा हिशेब

तीन रोलरचा हाती टेन्शन मीटर, म्हणजे तार किंवा धागा किती ताणला आहे हे दाखवणारे उपकरण, तारेवर लावला की आकडा लगेच येतो आणि तो नोंदवहीत जातो. पण मीटर ताण थेट मोजत नाही. मधल्या रोलरवर किती दाब पडला एवढेच त्याला कळते आणि त्यावरून तो ताणाचा अंदाज बांधतो. कारखान्यातून निघताना हा अंदाज एका ठरावीक धाग्यावर बसवलेला असतो, बहुतेक वेळा नायलॉनच्या एकेरी तंतूवर. तुमची तांब्याची तार, सुती दोरा किंवा काचतंतू त्या धाग्यासारखा वागत नसेल तर आकडा चुकतो, आणि दर वेळी सारखाच चुकत असल्यामुळे कोणाला संशयही येत नाही. म्हणून नवा मीटर आल्यावर पहिले काम एकच: तुमच्याच मालावर, माहीत असलेले वजन टांगून तो तपासणे.

चूक किती मोठी असते?

बाहेरचे दोन रोलर तार एका बाजूने धरतात आणि मधला रोलर तिला समोरून ढकलतो. तार सरळ रेषेपासून जेवढ्या कोनात वळते, त्या कोनाच्या साइनला ताणाने गुणून दुप्पट केली की मधल्या रोलरवरचा दाब मिळतो. कोन १० अंश असेल तर १०० सेंटीन्यूटन (न्यूटनचा शंभरावा भाग म्हणजे सेंटीन्यूटन) ताणाला रोलरवर साधारण ३५ सेंटीन्यूटन दाब येतो. म्हणजे सगळा हिशेब त्या कोनावर उभा आहे.

आता तारेची जाडी घ्या. समजा बाहेरचा आणि मधला रोलर यांत ३० मिमी अंतर आहे आणि अगदी बारीक धागा मध्ये ५ मिमी वळतो. तिथे ०.५ मिमी जाडीची तार घातली, तर तिची मध्यरेषा बाहेरच्या रोलरपासून एका बाजूला आणि मधल्या रोलरपासून दुसऱ्या बाजूला अर्ध्या जाडीने सरकते. वळण ५ ऐवजी ५.५ मिमी होते, कोन साडेनऊ अंशांवरून सुमारे १०.४ अंशांवर जातो, आणि ताण तोच असूनही आकडा जवळजवळ १० टक्के फुगतो. तार वाकायला करते तो विरोध यात अजून धरलेलाच नाही. ताठ तार स्वतःच मधल्या रोलरला ढकलते. ताण कमी असताना हा खोटा दाब प्रमाणाने फार मोठा ठरतो, ताण वाढला की त्याचा वाटा घटतो. म्हणूनच एकाच वजनावर तपासून भागत नाही.

मीटर आणि रोलर निवडताना

कामाचा ताण मीटरच्या पल्ल्याच्या २० ते ८० टक्क्यांत पडेल असा मीटर घ्या. १५० सेंटीन्यूटनच्या कामाला २,००० चा मीटर घेतला तर काटा तळाशीच घोटाळत राहतो. आणि १५० चाच घेतला तर एखाद्या झटक्यात आतली स्प्रिंगपट्टी वाकते आणि शून्य कायमचे सरकते.

रोलरची खाच मालाच्या जाडीला बसणारी हवी. बारीक धातूची तार नायलॉनच्या रोलरमध्ये काही दिवसांत स्वतःची चर कापते. मग तार त्या चरीत खोल बसते आणि कोन पुन्हा बदलतो. इनॅमल तारेसाठी (विजेरोधक लेप दिलेल्या तांब्याच्या तारेसाठी) कडक पोलादी किंवा सिरॅमिक रोलर वापरा. दर आठवड्याला खाचेत नख फिरवून पाहा. नख अडले की रोलर बदला, कारण तीच खरवड इनॅमलही सोलते.

वजन टांगून तपासणी

लागणारे सामान थोडेच: चालू रिळावरचीच दीड मीटर तार, पाच वजने, ग्रॅमच्या दहाव्या भागापर्यंत दाखवणारा वजनकाटा आणि भिंतीतला पक्का हुक. वजने मीटरच्या पल्ल्याच्या साधारण २०, ४०, ६०, ८० आणि १०० टक्क्यांची घ्या. १०० ग्रॅम वजन म्हणजे ९८.१ सेंटीन्यूटन. हे दोन आकडे सारखेच धरले तर तिथेच दोन टक्के जातात.

१. खालचा हुक आणि वजन एकत्र वजनकाट्यावर ठेवून तोला. हुकाचे १२ ग्रॅम विसरणे ही सगळ्यांत नेहमीची चूक आहे. बारीक तारेचे स्वतःचे वजन सोडून दिले तरी चालते. १ मिमी तांब्याची तार मात्र एक मीटर लांबीला ७ ग्रॅम भरते, तेव्हा टेन्शन मीटरखाली लोंबणारा भाग हिशेबात धरा.

२. प्रत्यक्ष कामात मीटर उभा धरणार असाल तर उभा, आडवा धरणार असाल तर आडवा ठेवून शून्य लावा. काट्याच्या मीटरमध्ये आतल्या दांडीचे स्वतःचे वजनही काट्यावर येते, त्यामुळे मीटर फिरवला की शून्य हलते. प्रत्यक्षात आडवा वापरणार असाल तर तपासणीतही तारेची मोजायची लांबी आडवी ठेवा आणि वजन एका हलक्या, मोकळ्या फिरणाऱ्या पुलीवरून खाली सोडा.

३. वजन लावा आणि त्याचे डोलणे थांबू द्या. पीळ दिलेला दोरा असेल तर वजन गोल फिरू लागते आणि पीळ सुटतो. पीळ सुटला की तुम्ही वेगळाच माल मोजत असता. वजनाला बाजूने एक बारीक काडी टेकेल न टेकेल अशी ठेवून फिरणे थांबवा, पण तिच्यावर भार येऊ देऊ नका.

४. मीटर तारेवर चढवा आणि तारेवरून सावकाश वर सरकवत आकडा वाचा. नंतर तसाच खाली आणत वाचा. मीटर एका जागी धरून वाचू नका. रोलर थांबलेले असताना बेअरिंगचे घर्षण थोडा भार धरून ठेवते आणि आकडा कुठेही अडकतो. वर-खालीच्या दोन आकड्यांत २ टक्क्यांहून जास्त फरक आला तर पुढे जाऊ नका. बेअरिंगमध्ये धूळ, मेण किंवा इनॅमलचा भुगा शिरलेला आहे. ते साफ करा किंवा बदला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करा.

५. प्रत्येक वजनावर तीनदा वाचून सरासरी घ्या आणि खऱ्या ताणाला आकड्याने भागून गुणक काढा. २०० ग्रॅमचे वजन आणि १२ ग्रॅमचा हुक, म्हणजे २१२ ग्रॅम, म्हणजे २०७.९ सेंटीन्यूटन. मीटरने २२८ दाखवले तर गुणक ०.९१.

पाचही गुणक सारखे आले तर उत्तम. खालच्या वजनांना गुणक लहान येत असेल तर ती तारेच्या ताठपणाची खूण आहे, तेव्हा एकच गुणक न वापरता पाच बिंदूंचा आलेख काढा. मीटरच्या पाठीवर चिकटपट्टी लावून त्यावर माल, जाडी, मीटर धरायची दिशा, गुणक आणि तारीख लिहा. दुसऱ्या जाडीची तार आली की दुसरी पट्टी लागते.

चालत्या मशीनवर

तार गुंडाळून कॉइल करणाऱ्या मशीनवर कुठे मोजता त्यावर सगळे ठरते. टेन्शनरच्या (तारेला ताण देणाऱ्या भागाच्या) लगेच पुढे मोजलेला ताण, तार ज्यावर गुंडाळली जाते त्या बॉबिनपर्यंत तसाच पोचत नाही. वाटेत तार एखाद्या स्थिर गाइडवरून ९० अंशांत वळली आणि घर्षणांक ०.२५ असला, तर पलीकडचा ताण १.४८ पट होतो. अशीच दोन वळणे असली तर २.२ पट. म्हणून शेवटचे गाइड आणि बॉबिन यांच्यामध्येच मोजा. तिथे तार डावीउजवीकडे सरकत असते, तेव्हा मीटर गाइडच्या जवळ, तारेच्या रेषेत धरा. तिरका धरला की तार खाचेच्या भिंतीला घासते आणि मीटर स्वतःच ताण वाढवतो. मीटर लावल्यामुळे मशीनचा ताण बदलतो आहे का, हे डान्सर आर्मकडे, म्हणजे ताणाप्रमाणे वरखाली होणाऱ्या स्प्रिंगच्या दांडीकडे, पाहून कळते: मीटर चढवताच दांडी सरकून नव्याच जागी स्थिरावली तर रोलर जड फिरत आहेत.

दुसरी अडचण सरासरीची. चौकोनी फॉर्मरवर (कॉइलच्या साच्यावर) गुंडाळताना प्रत्येक कोपऱ्याला तार ओढली जाते आणि मग सैल पडते. फेरे मिनिटाला ३,००० असतील तर सेकंदाला ५० फेरे आणि २०० झटके. पडद्यावर सेकंदाला दोनदा बदलणारा आकडा सगळ्या झटक्यांची सरासरी दाखवतो. सरासरी २.५ न्यूटन दिसत असताना टोके ५ न्यूटनची असू शकतात. ०.२५ मिमी तारेचे क्षेत्रफळ ०.०४९ चौरस मिमी, म्हणजे ५ न्यूटनला दर चौरस मिमीवर १०० न्यूटनच्या पुढे ताण येतो, आणि एवढ्यात मऊ तांबे कायमचे लांबू लागते. तार १ टक्का लांबली की ती तेवढीच बारीक होते आणि तेवढ्याच फेऱ्यांच्या कॉइलचा रोध सुमारे १ टक्का वाढतो. कॉइलचा रोध सतत वरच्या मर्यादेला टेकत असेल तर आधी ताणाची टोके पाहा, तारेच्या पुरवठादाराशी भांडण नंतर. त्यासाठी सेकंदाला हजाराहून जास्त वेळा मोजणारा आणि नोंद ठेवणारा मीटर लागतो. तो नसेल तर मशीन निम्म्या वेगाने चालवून तीच कॉइल करा आणि रोध पुन्हा मोजा. खाली आला तर झटकेच कारण आहेत.

दातेरी पट्ट्याला तीन रोलरचा मीटर बसत नाही. तिथे पट्टा टिचकीने वाजवून कंपनसंख्या मोजतात. दर मीटर वस्तुमान, दोन पुल्यांमधल्या मोकळ्या लांबीचा वर्ग आणि कंपनसंख्येचा वर्ग यांचा गुणाकार करून चारपट केली की ताण मिळतो. ०.१ किलो, ०.५ मीटर आणि ४० हर्ट्झला तो १६० न्यूटन येतो. लांबीचा वर्ग असल्याने ती टेपने नीट मोजा.

तापमान नोंदवल्याशिवाय ताण लिहू नका

दोन्ही टोके पक्की बांधलेल्या पोलादी तारेचा ताण दर अंश सेल्सिअसला प्रत्येक चौरस मिमीमागे सुमारे २.४ न्यूटन बदलतो. ४ मिमी जाडीची भरीव तार घेतली आणि ती १० अंशांनी थंड झाली, तर ताण ३०० न्यूटनने वाढतो. सकाळी लावलेला ताण दुपारी कमी दिसतो तो यामुळे. पिळाचा दोर जास्त लवचीक असल्याने त्यात हा बदल कमी असतो.

हे झाले टोके हलत नसतील तेव्हाचे. दोर ॲल्युमिनियमच्या सांगाड्यात असेल तर गोष्ट उलटते. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते, त्यामुळे गरम झाल्यावर सांगाडाच दोराला ओढतो आणि ताण वाढतो. विमानाच्या नियंत्रण दोरांचा ताण तापमानाच्या तक्त्यावरून लावतात त्याचे कारण हेच. अशा दोरासाठी वापरायच्या मीटरमध्ये दोराच्या जाडीप्रमाणे मधला ठोकळा बदलावा लागतो. चुकीचा ठोकळा बसवला तर आकडा चुकीचाच येणार. टोकाच्या फिटिंगपासून किमान १५ सेंटीमीटर दूर, तीन वेगवेगळ्या जागी मोजा.

तापमान दोराचे मोजा, हवेचे मोजून चालत नाही. बारीक तारेचे थर्मोकपल (दोन धातूंच्या तारा जोडून केलेला तापमानमापक) दोराला समांतर टेकवा, दोन-तीन सेंटीमीटर लांबी दोरालगत जाऊ द्या आणि वरून टेप लावा. के प्रकाराच्या पहिल्या श्रेणीच्या थर्मोकपलला दीड अंश चुकण्याची सूट असते, आणि वरच्या ४ मिमी तारेत दीड अंश म्हणजे ४५ न्यूटन. टी प्रकारात ती सूट अर्ध्या अंशाची, म्हणून या कामाला तोच घ्या.

थर्मल चेंबरमध्ये (तापमान हवे तसे ठेवणाऱ्या पेटीत) ताणाची चाचणी करायची असेल तर लोडसेल (भार मोजणारा संवेदक) बाहेर ठेवा आणि चेंबरच्या भोकातून दांडा आत न्या. बहुतेक लोडसेलची तापमान-भरपाई −१० ते ४० अंशांपुरतीच असते, −४० ला त्याचा आकडा धरण्याजोगा राहत नाही. भोकाभोवतीचे सिलिकॉनचे बूच दांड्याला घासता कामा नये, घासले की तेवढा भार लोडसेलला कळतच नाही. दांडाही आकसतो: २०० मिमी पोलाद २५ वरून −४० ला नेले की ०.१६ मिमीने आखूड होते, आणि ताठ नमुन्यावर हा आकस सरळ ताण म्हणून दिसतो. इन्व्हारचा (तापमानाने फारच कमी आकसणाऱ्या लोह-निकेल मिश्रधातूचा) दांडा वापरला तर आकस याच्या साधारण दहाव्या हिश्शावर येतो. चाचणीआधी नमुन्याच्या जागी इन्व्हारची पट्टी लावून तेच तापमानचक्र एकदा चालवा. जो आकडा सरकेल तो फिक्स्चरचा (नमुना धरणाऱ्या जोडणीचा), नंतर नमुन्याच्या आकड्यातून वजा करा. चेंबरच्या पडद्यावर −४० आले म्हणजे नमुना तिथे पोचला असे समजू नका. जाड फिक्स्चर बराच मागे राहते, तेव्हा नमुन्यावरचे थर्मोकपल २ अंशांच्या आत येऊन स्थिर होईपर्यंत वाचन घेऊ नका.

पुन्हा कधी तपासायचे

मीटर हातातून पडला तर लगेच, दिसायला काही झाले नसले तरीही. रोलर बदलल्यावर पाचही वजनांवर. रोज पाळी सुरू होताना कामाच्या ताणाजवळच्या एका वजनावर, यात दोन मिनिटे जातात. तार काढल्यावर काटा शून्यावर परत येत नसेल तर शून्याचा स्क्रू फिरवून झाकू नका: आधी रोलर आणि दांडीतला कचरा काढा, तरीही येत नसेल तर स्प्रिंग वाकली आहे आणि त्या मीटरचे जुने गुणक रद्द समजा.