बाळाला घेऊन गणपतीला गावी जाताय? मधला बर्थ उघडू नका

दरवर्षी चतुर्थीच्या दोन दिवस आधी आम्ही रात्रीच्या गाडीने कुडाळला जातो. मोठीला पहिल्यांदा नेलं तेव्हा ती सात महिन्यांची होती, धाकटा पाच महिन्यांचा. मग जावेची दोन आणि नणंदेचं एक, अशी पाच बाळं या मार्गावरून नेऊन आणली. त्यामुळे ‘बाळासोबत प्रवास’ म्हणून जे सल्ले फिरत असतात ते वाचले की माझं डोकं उठतं. सगळीकडे याद्या. झबली किती, वाइप्स किती, खेळणी कोणती. रात्री अडीच वाजता त्या बर्थवर जागं कोण राहणार, हे एकही यादी सांगत नाही.

म्हणून याद्या सोडते आणि क्रमाने सांगते.

तिकीट

आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी सकाळी ८ वाजता उघडतं. गणपतीच्या गाड्या काही मिनिटांत भरतात, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. जायचं आणि यायचं, दोन्ही तारखा आधीच भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल करून ठेवा.

पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही आणि अर्थात बर्थही मिळत नाही. पण पूर्ण भाडं भरलं तर त्याच्या नावावर बर्थ घेता येतो. लोक म्हणतात, ‘एवढंसं पोर, त्याला कशाला बर्थ?’ घ्या. का ते पुढे येतंच आहे. ते पैसे बाळाच्या नव्या कपड्यांतून वाचवा. गावी गेल्यावर अर्धा डझन आत्या-मावश्या कपडे देणारच आहेत.

रात्रीची गाडी की दिवसाची? रात्रीची. वंदे भारत झकास आहे, पण ती खुर्च्यांची गाडी. रांगायला लागलेलं पोर आठ-नऊ तास मांडीवर धरून बसायची तयारी असेल तर खुशाल जा. स्वतःच्या कारने जाणार असाल तर बाळ कार सीटमध्ये, मांडीवर नाही, आणि माणगावच्या कोंडीत चार तास काढायची मानसिक तयारी ठेवा. त्यावर मला आणखी काही बोलायचं नाही.

सामान

तुम्हाला कळतं. फक्त बाबागाडी घेऊ नका, अंगाला बांधायचं कॅरियर घ्या. आणि बाळाची पिशवी वेगळी, सीटखाली न ढकलता हाताशी.

गाडीत चढणं

आम्ही ठाण्याला राहतो, तरी बाळ असेल त्या वर्षी दादरला जाऊनच गाडी पकडतो. घरचे हसतात, उलटं कशाला जाता म्हणून. ठाण्याला गाडी येते तेव्हा आधीच चढलेले लोक चादरी पसरून झोपलेले असतात, दिवे गेलेले असतात, आणि तुम्ही बाळ, दोन बॅगा आणि मखराचा खोका घेऊन अंधारात बर्थ नंबर चाचपत असता. बर्थची अदलाबदल करायची तर माणूस चादर पसरण्याआधी विचारायला हवं. झोपेतून उठवून विचारलंत तर देव माणूसही नाही म्हणेल.

बाळाला घरीच नेहमीच्या वेळी झोपवा आणि झोपलेलं कॅरियरमध्ये घालून न्या. स्टेशनवर जागं होईलच. पनवेल सुटेपर्यंत पुन्हा झोपवायच्या भानगडीत पडू नका. तोपर्यंत माणसं चढत असतात, टीसी येतो, कुणाचं तरी पाकीट सापडत नसतं. पनवेल गेलं की डबा गप्प होतो. तेव्हा घरचाच क्रम करा: लंगोट बदलणं, पाजणं, पाठीवर थोपटणं, तेच नेहमीचं गाणं.

रात्र

आता खरा विषय.

पहिल्या वर्षी आमच्याकडे थ्री एसीत एक खालचा बर्थ होता आणि एक वरचा. मधला एका काकांचा. काका भले गृहस्थ होते, पण रात्री १० ते सकाळी ६ मधला बर्थ उघडायचा त्यांना हक्क आहे, आणि आम्ही चढलो तेव्हा ते तो बजावून घोरत होते. मधला उघडला की खाली ताठ बसता येत नाही, हे मलाही माहीत होतं. बाळाला पाजायच्या वेळी त्याचा अर्थ काय होतो, ते माहीत नव्हतं. मान छातीला टेकवून, पाठीची कमान करून मी पंचवीस मिनिटं तिला पाजलं. दुसऱ्यांदा उठली तेव्हा पाठीने नकार दिला, म्हणून आडवी होऊन पाजलं. आडवी झाले आणि झोप लागली.

जाग आली ती गाडीच्या हिसक्याने. पोरगी माझ्या आणि बर्थच्या कडेच्या मधे होती. तिचा एक पाय बाहेर लोंबत होता, आणि झोपेतच माझी मूठ तिच्या झबल्यात अडकलेली होती. तेवढ्यावर ती टिकली होती. नंतर कुडाळपर्यंत मी डोळा मिटला नाही. त्या वर्षी सासरी पोचले ती तापच घेऊन.

परतीला जाऊबाईंनी सांगितलं, झोळी बांध, आमच्याकडे सगळे बांधतात. समोरासमोरच्या वरच्या बर्थच्या साखळ्यांना साडी बांधली. झकास झोपली की! चिपळूणच्या आसपास गाडीने करकचून ब्रेक मारला आणि एका बाजूची गाठ वीतभर सरकली. नवरा खालीच उभा होता, त्याने दोन्ही हात लावले म्हणून निभावलं. त्या दिवसापासून माझं मत ठाम आहे: गाडीत झोळी बांधू नका. ‘पिढ्यान्‌पिढ्या बांधतात’ हे मला ऐकवू नका. घरातली झोळी आढ्याला असते, आणि आढं ताशी शंभरच्या वेगाने धावत नाही.

मग उपाय काय? तिसरं तिकीट. एकाच आरक्षणात तीन जागा घेतल्या तर खालचा, मधला, वरचा असे एकाखाली एक मिळायची शक्यता बरी असते. नाही मिळाले तर दादरला वेळ आहे, अदलाबदल करून जुळवा. आणि मग तो मधला बर्थ, तुमच्या बाळाच्या नावावरचा, उघडायचाच नाही. त्याचे पैसे तो बंद राहावा म्हणून भरलेत. तो बंद आहे म्हणून तुम्ही खाली ताठ बसता, पाठ टेकून पाजता. खालच्या बर्थवर बाळ, कडेला एक मोठं माणूस बसलेलं, दुसरं वर झोपलेलं. टू एसी परवडत असेल तर प्रश्नच मिटला, तिथे मधला बर्थच नसतो आणि पडदाही असतो.

कुणीतरी हमखास विचारतं, ‘बंद आहे ना, मग मी झोपू का?’ नम्रपणे नाही म्हणा. तिकीट दाखवा.

कडेला बसलेलं माणूस जागं हवं. एक डोळा उघडा ठेवून झोपणं वगैरे काही नसतं, मी करून पाहिलंय. पाळ्या लावा. पहिल्यांदा आम्ही शहाणपणाने स्टेशनांवर पाळ्या लावल्या, चिपळूणपर्यंत मी, पुढे रत्नागिरीपर्यंत नवरा. कोकण रेल्वे बहुतेक भागात अजून एकेरी मार्गाची, क्रॉसिंगसाठी गाडी एका आडरानातल्या स्टेशनात सव्वा तास उभी राहिली आणि माझी पाळी संपेचना. वर नवरा स्वर्गात. तेव्हापासून पाळी घड्याळावर: तीन तास, गजर, उठवणं. जागणाऱ्याने कानात हेडफोन घालायचा नाही आणि एक हात बाळाच्या पोटावर.

बाळाला पाठीवर झोपवा, डोकं खिडकीच्या बाजूला. पाय मार्गाकडे, कारण रात्रभर तिथून बॅगा जात असतात आणि बॅगवाला खाली बघत नाही. रेल्वेची उशी नको. रेल्वेचं ब्लँकेट तर नकोच. ते जड असतं आणि बाळाच्या तोंडावर सरकतं. घरचं दुपटं, छातीपर्यंत, कडा खाली खोचलेल्या. एसीची थंडी वाजतेय का ते हातापायांवरून बघू नका, बाळांचे हातपाय गारच असतात. मानेच्या मागे बोटं घालून बघा. तिथे ऊबदार आणि कोरडं असेल तर सोडून द्या. घाम असेल तर एक थर कमी करा. टोपरं घालून झोपवू नका, समोरच्या आजी काहीही म्हणोत. त्या म्हणणारच.

डायपर

बर्थवर रबरी शीट टाकून बदला. वापरलेलं पिशवीत बांधून डब्याच्या कचराकुंडीत. संडासात टाकू नका, हल्ली सगळीकडे बायो-टॉयलेट आहेत, तुंबलं की सगळ्या डब्याला भोगावं लागतं.

खाणं

सहा महिन्यांच्या आतलं बाळ अंगावर पीत असेल तर तुम्ही राजे आहात, दुसरं काही लागत नाही, पाणीसुद्धा नाही. पावडरचं दूध असेल तर उकळतं पाणी चांगल्या थर्मासमध्ये भरा. पावडर कालवताना पाणी ७० अंशांच्या वर असावं लागतं, मग ते कोमट करून द्यायचं. कालवलेलं दूध दोन तासांत संपलं नाही तर ओतून टाका. बाटली ‘मगाशीच तर केलीय’ म्हणून पुढच्या वेळी देणारे लोक मी पाहिलेत, आणि त्यांची गणपतीतली डॉक्टरकडची धावपळही. वरचं खाणारं बाळ असेल तर नाचणीचं सत्त्व कोरडं भाजून न्या, गरम पाण्यात होतं. सगळं चार-पाच तास पुरेल इतकं जास्त घ्या. पावसाळी वेळापत्रकात गाड्या मुळातच हळू चालतात, त्यात गणपतीची जादा गर्दी.

घरी पोचल्यावर

ओटीवर पाय ठेवताच हात पुढे येतात. ‘पोराक जरा माझ्याकडे दी गो!’ द्या. हात धुतलेत का ते मात्र विचारा, आणि पापे तोंडावर नको म्हणून सांगा. सांगायचं काम नवऱ्याचं, कारण त्याचं घर आहे. सुनेने सांगितलं की तो शिष्टपणा होतो, लेकाने सांगितलं की ती काळजी.

पंचामृताकडे लक्ष ठेवा. पूजा झाली की कुणीतरी प्रेमाने बोट बुडवून बाळाच्या तोंडात घालतं, आणि पंचामृतात मध असतो. एक वर्षाच्या आत मधाचं बोटसुद्धा नाही, बोट्युलिझम नावाचा गंभीर आजार त्यातून होऊ शकतो. ‘आमची पोरां वाढली नाय काय?’ याला उत्तर देत बसू नका. ‘डॉक्टरांनी सांगितलंय’ म्हणा, वाद तिथेच मिटतो. तीर्थ म्हणून हात बाळाच्या कपाळाला लावा, कुणालाच वाईट वाटत नाही.

दुसरं कापूर. आरतीचं तबक खाली ठेवलेलं असतं, त्यात कापराच्या पांढऱ्या वड्या, आणि रांगणाऱ्या पोराला ती साखर वाटते. कापूर पोटात गेला तर लहान मुलांना झटके येऊ शकतात. आमच्याकडे आता कापराची डबी देव्हाऱ्याच्या वरच्या फळीवर असते. सर्दीसाठी बाळाच्या नाकाखाली कापराचं मलम चोळणारीही एक काकू प्रत्येक घरात असते. तिलाही नाही.

झोपायला माजघर नको, तिथे भजन रात्री एकपर्यंत चालतं. मागची खोली मागून घ्या आणि मच्छरदाणी घरून न्या. गावातली असते, पण नेमकी फाटकी असते.

परत येताना

तीच पद्धत, तोच बंद बर्थ. फरक एवढाच की सामान दुप्पट होतं. पोहे, कोकमं, पडवळं आणि नारळाचं पोतं. पोतं सीटखाली बसत नाही, मग ते बाळाच्या पायाशी येतं, आणि जागणाऱ्या माणसाला बसायला जागा उरत नाही. त्यामुळे नारळांना निघायच्या आदल्या दिवशीच नाही म्हणा. मी आठ वर्षं म्हणतेय. दरवर्षी कुडाळ स्टेशनवर दीर पोतं खांद्यावर घेऊन उभा असतो.