थ्री-सिक्स्टी टूरचा धंदा कसा चालवायचा: किल्ली, पंखा, ओल आणि होस्टिंगचं बिल

पुण्यात मी फ्लॅटच्या थ्री-सिक्स्टी म्हणजे व्हर्च्युअल टूर्स शूट करते (लिंक उघडली की घरबसल्या खोल्यांतून फिरून सगळीकडे बघता येतं), जास्त करून रिसेलचे आणि भाड्याचे फ्लॅट, मधेमधे बिल्डरचे सॅम्पल फ्लॅट. नवीन मुलं-मुली भेटतात तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ताई कॅमेरा कुठला घेऊ. कॅमेऱ्याचं सांगतेच, पण त्याआधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. फोटो दिले की काम संपलं, टूरचं तसं नसतं. टूरची लिंक कुठल्या ना कुठल्या सर्व्हरवर चालू ठेवावी लागते आणि तो खर्च दर महिन्याला येतो, फ्लॅट विकला जावो नाहीतर न जावो. पैसे एकदाच घेतले आणि खर्च कायमचा लागला, इथेच उत्तम शूट करणारी माणसंसुद्धा अडकतात.

पायरी १: आधी होस्टिंगचा हिशोब

मॅटरपोर्टसारख्या टूर होस्ट करणाऱ्या सर्व्हिसमध्ये एकावेळी किती टूर्स चालू ठेवता येतील ते तुमच्या प्लॅनवर असतं. समजा प्लॅनला महिन्याला ५,००० रुपये जातात आणि त्यात २५ टूर्स बसतात. म्हणजे एका टूरला महिन्याला २०० रुपये, वर्षाला २,४००. आता ब्रोकरकडून तुम्ही ३,००० घेतलेत आणि लिंक वर्षभर चालू ठेवलीत, तर पेट्रोल, दीड-दोन तासांचं शूट आणि तीन तासांचं एडिटिंग सगळं मिळून ६०० रुपयांत केलंत. शिवाय सव्विसावी टूर आली की वरचा प्लॅन घ्या. पहिल्या वर्षी माझं अगदी हेच झालं, विकल्या गेलेल्या फ्लॅटच्या टूर्ससुद्धा चालूच होत्या कारण बंद कधी करायच्या हे कुणाशी बोललेच नव्हते, आणि एक बंद केली तर दुसऱ्याच दिवशी फोन, "मॅडम लिंक उघडत नाहीये, पार्टी समोर बसलीये."

म्हणून कोटेशनमध्येच लिहून टाका की रेटमध्ये ९० दिवसांचं होस्टिंग धरलंय, पुढे चालू ठेवायची तर महिन्याला एवढे. भाड्याच्या फ्लॅटला ३० दिवस पुरतात. हे ऐकून काही ब्रोकर कुरकुरतात, पण पोर्टलवरची जाहिरात रिन्यू करायला ते पैसे भरतातच, त्यामुळे "तसंच आहे हे" म्हटलं की पटतं.

दुसरा रस्ता म्हणजे टूर स्वतःच्या डोमेनवर ठेवायची. त्यासाठी पॅनेलम आणि मार्झिपानो ही दोन सॉफ्टवेअर आहेत, दोन्ही ओपन सोर्स, म्हणजे फुकट वापरता येणारी. मार्झिपानोचं टूल तर ब्राउझरमध्येच चालतं, पॅनोरमा (चारी बाजूंचा एकसंध फोटो) टाका, या खोलीतून त्या खोलीत जायच्या खुणा लावा, तयार फोल्डर उतरवून घ्या आणि आपल्या सर्व्हरवर चढवा. मॅटरपोर्टमध्ये आख्खं घर वरून बाहुलीच्या घरासारखं दिसतं ते यात नाही मिळत. पण वन बीएचके भाड्याने द्यायला ते लागतही नाही, डुप्लेक्स किंवा बंगला असेल तर मात्र लागतं कारण जिना कुठून कुठे निघतो ते नुसत्या पॅनोरमांवरून माणसाला कळत नाही. मी आता भाड्याच्या सगळ्या टूर्स स्वतः होस्ट करते आणि मोठ्या घरांनाच मॅटरपोर्ट वापरते.

पायरी २: कॅमेरा

घरातल्या कामासाठी रिको थीटा झेड१ अजूनही भरवशाचा आहे. २०१९ चं मॉडेल, पण एक इंची दोन सेन्सर असल्यामुळे पॅसेजमधल्या अंधारात इतर छोट्या थ्री-सिक्स्टी कॅमेऱ्यांसारखा फोटो दाणेदार होत नाही. त्याची बॅटरी काढून बदलता येत नाही, त्यामुळे पॉवरबँक बॅगेत हवीच. बजेट कमी असेल तर इन्स्टा३६० च्या एक्स सिरीजवर सुरुवात करा. बिल्डरच्या मोठ्या कामांना डीएसएलआर, पॅनोरमिक हेड (कॅमेरा एकाच बिंदूभोवती फिरवणारा ट्रायपॉडवरचा भाग) आणि फोटो जोडायला पीटीगुई हे सॉफ्टवेअर, पण त्याला वेळ भरपूर जातो. पहिली आठ-दहा कामं कॅमेरा भाड्याने आणून करा, मगच पैसे घाला.

पायरी ३: किल्ली, गेट आणि आत राहणारी माणसं

शूटपेक्षा जास्त वेळ मला किल्लीने खाल्लाय. किल्ली मालकाच्या मेव्हण्याकडे, मेव्हणा हिंजवडीत ऑफिसला, वॉचमन म्हणतो सेक्रेटरींना विचारा, सेक्रेटरी दुपारी झोपलेले. त्यामुळे आदल्या दिवशी संध्याकाळी चार गोष्टी विचारून घेते: किल्ली कुणाकडे आणि त्याचा नंबर, गेटवर माझं नाव दिलंय का, लाइट चालू आहे का, आणि फ्लॅटचं तोंड कुठल्या दिशेला. लाइटचं मुद्दाम विचारा, रिकाम्या फ्लॅटचं बिल थकून कनेक्शन तोडलेलं असतं आणि ते आपल्याला सातव्या मजल्यावर गेल्यावर कळतं. पूर्वेच्या हॉलला सकाळी नऊला थेट ऊन येतं, तिथे साडेअकरानंतर जा. शक्यतो पश्चिमेच्या बेडरूम दुपारी उरकून टाका, चारनंतर तिथेही तोच त्रास.

आत भाडेकरू राहत असेल तर त्याला स्वतः फोन करा, मालकाने सांगितलं असेल असं धरून चालू नका. एकदा मी बेल वाजवली तर ताई बाळाला झोपवत होत्या आणि घर विकायला काढलंय हेच त्यांना माहीत नव्हतं, माझ्याकडून त्यांना कळलं. मला फार वाईट वाटलं. त्या दिवशी शूट न करता परत आले आणि तेव्हापासून भाडेकरूशी बोलल्याशिवाय तारीख देत नाही.

मुलींसाठी अजून एक. अनोळखी ब्रोकरबरोबर रिकाम्या फ्लॅटमध्ये एकट्या जाऊ नका, पहिल्या कामाला असिस्टंट न्या, लाइव्ह लोकेशन घरी पाठवा आणि आत असताना दार उघडं ठेवा. त्यावर कुणी नाराज झालं तर ते काम सोडा.

पायरी ४: शूट

ट्रायपॉड लावायच्या आधी घर बघा. पंखे बंद, हे पहिलं. खिडकीबाहेरचं आणि आतलं दोन्ही दिसावं म्हणून आपण एकाच जागेवरून कमी-जास्त उजेडाचे तीन ते पाच फोटो घेऊन एकत्र करतो, पंखा फिरत असेल तर प्रत्येक फोटोत पातं वेगळ्या जागी येतं आणि जोडल्यावर छतावर राखाडी डाग पडतो. पडदे हलत असतील तर तेही बांधा. ट्यूब पांढरी आणि बल्ब पिवळा असं एकत्र असेल तर एकाच प्रकारचे दिवे ठेवा, नाहीतर निम्मी भिंत निळसर निम्मी केशरी दिसते. ओट्यावरची भांडी, मिक्सर, फ्रिजवरच्या पिशव्या, ड्राय बाल्कनीतले कपडे आणि कमोडचं झाकण हे मालकाला आदल्या दिवशीच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, ऐनवेळी सांगितलं की सगळं उचलून बेडरूममध्ये टाकतात आणि मग बेडरूमचं काय करायचं.

कॅमेरा साडेचार-पाच फुटांवर ठेवा आणि जी उंची पहिल्या खोलीत तीच शेवटपर्यंत, नाहीतर बघणारा खोली बदलताना वर-खाली उडी मारल्यासारखा होतो. एका जागेवरून पुढची जागा दिसली पाहिजे, हॉलमधून किचनचं दार, दारातून ओटा. मी साधारण पाच-सहा फुटांवर पुढचा पॉइंट घेते, टू बीएचकेला दहा-बारा पॉइंट पुरतात. पुढच्या-मागच्या दोन लेन्सचे फोटो जिथे जुळतात ती जोडरेषा मोकळ्या भिंतीवर येईल असा कॅमेरा फिरवा. ती दाराच्या चौकटीवर किंवा जवळच्या कपाटावर आली की चौकट तुटल्यासारखी दिसते, जवळच्या वस्तूंना हा त्रास जास्त, म्हणून कॅमेरा कशालाही तीन फुटांपेक्षा जवळ नको. लहान बाथरूममध्ये हे जमत नाही, तिथे दारातूनच एक पॉइंट घ्या आणि पुढे व्हा. स्वतः मात्र दिसू नका, फोनवरून शटर मारा आणि दाराआड थांबा, वॉर्डरोबच्या आरशात आपण येतोय का ते प्रत्येक वेळी बघा.

आणि खासगी गोष्टी. देवघर, लग्नाचे फोटो, औषधांच्या पट्ट्या, मुलांच्या शाळेचं आयकार्ड खुंटीला लटकलेलं, तिजोरीचं कपाट, दारावरची पाटी. साध्या फोटोत एक कोपरा सुटतो, थ्री-सिक्स्टीत काहीच सुटत नाही आणि लोक झूम करून बघतात. जे हलवता येईल ते हलवा, बाकीचं एडिटिंगमध्ये ब्लर करा. देवघर ब्लर करायचं की तसंच ठेवायचं ते घरच्यांना विचारा, काहींना ते दिसावं असंच वाटतं.

पायरी ५: ओल दिसली तर

हा भाग मला सगळ्यात जवळचा आहे. कोथरूडमधला एक रिसेल टू बीएचके, जुलै महिना, मास्टर बेडरूमच्या खिडकीखाली हाताच्या पंजाएवढी ओल, रंगाचे पोपडे सुटलेले. ब्रोकर म्हणाला तेवढं काढून टाक, दिवाळीत रंग होणारच आहे. मी काढलं, दोन मिनिटांचं काम होतं. टूर अमेरिकेतल्या एका मराठी कुटुंबाने बघितली, त्यांना आवडली, त्यांनी पुण्यातल्या आईवडिलांना घर बघायला पाठवलं. काकू सरळ बेडरूममध्ये गेल्या, फोनवर टूर उघडली, फोन भिंतीशेजारी धरला आणि काही न बोलता माझ्याकडे बघितलं. व्यवहार तिथेच संपला. ओल त्यांना चालली असती, रिपेअरचे पैसे कमी करून घेतले असते, पण आता बाकीच्या खोल्यांवरही त्यांचा विश्वास बसेना.

तेव्हापासून नियम साधा आहे. हलवता येणारी वस्तू काढते, भिंतीचा भाग असलेली गोष्ट काढत नाही. ट्रायपॉड, चुकून राहिलेली बादली, माझी सावली हे पुसायचं. ओल, भेग, खिडकीसमोरचा ट्रान्सफॉर्मर, शेजारच्या बिल्डिंगची भिंत हे राहणार. लांब बसलेला माणूस साइट व्हिजिटऐवजी आपल्या टूरवर भरवसा ठेवतो, त्यासाठीच तर ती आहे. ब्रोकरला हे पहिल्या भेटीतच सांगा, दोन-तीन कामं जातील, पण जे राहतात ते वर्षानुवर्षं राहतात.

पायरी ६: बिल्डरचं काम

इथे महारेरा, म्हणजे महाराष्ट्राचं रिअल इस्टेट नियामक प्राधिकरण, येतं. प्रोजेक्टच्या जाहिरातीत महारेराचा रजिस्ट्रेशन नंबर आणि वेबसाइटचा पत्ता लागतो, १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही बंधनकारक आहे. टूर ही जाहिरातच समजा आणि हे तिन्ही पहिल्या स्क्रीनवर घाला. कार्पेट एरियाचा आकडा बिल्डरकडून लेखी घ्या, स्वतः मोजून लिहू नका. सॅम्पल फ्लॅट असेल तर "सॅम्पल फ्लॅट" असं टूरवर स्पष्ट लिहा, कारण रेरा कायद्याच्या कलम १२ मध्ये खोट्या जाहिरातीबरोबर मॉडेल फ्लॅटचाही उल्लेख आहे आणि त्यावर विसंबून नुकसान झालं तर ग्राहक भरपाई मागू शकतो. जबाबदारी बिल्डरची खरी, पण टूर बनवली कुणी हेही विचारलं जातंच.

पायरी ७: टूर फोनवर उघडून बघा

बघणारे बहुतेक सगळे व्हॉट्सअ‍ॅपच्या लिंकवरून, मोबाइलवर, चालू डेटावर बघतात. लॅपटॉपवर भारी दिसणारी टूर तिथे पांढरा स्क्रीन दाखवत बसते. फोटोचे तुकडे करून लागेल तसे लोड होतील असं एक्सपोर्ट करा आणि देण्याआधी वायफाय बंद करून एका साध्या, जुन्या फोनवर उघडून बघा.

पायरी ८: पैसे

"फ्लॅट विकला की देतो" याला नाही म्हणा, प्रत्येक वेळी. मी निम्मे आधी घेते, वॉटरमार्क असलेली लिंक बघायला देते, बाकी पैसे आले की वॉटरमार्क काढते. बिल्डरकडे अ‍ॅडव्हान्स मिळेलच असं नाही, तिथे उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, कामाला येतं. ते फुकट आहे, धंदा सुरू करताना पहिल्याच आठवड्यात करून टाका. एमएसएमई म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा कायदा २००६ चा, त्यात मायक्रो आणि स्मॉल उद्योगांचं पेमेंट लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावं लागतं, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. सरकारी पोर्टलवर ऑनलाइन तक्रार करता येते. मला तक्रारीपर्यंत कधी जावं लागलं नाही, बिलावर खाली उद्यम नंबर आणि ४५ दिवसांची ओळ छापायला लागल्यापासून अकाउंट्सवाले आपणहून फोन करतात, कारण वेळेत न दिलेली आणि वर्ष संपेपर्यंत थकलेली रक्कम त्यांना इन्कम टॅक्समध्ये त्या वर्षीचा खर्च म्हणून दाखवता येत नाही, २०२३ च्या फायनान्स अ‍ॅक्टने तशी तरतूद आणली. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटी लागतो, रेट ठरवताना ते १८ टक्के वेगळे सांगा.

अजून एक, फोटो काढणाऱ्यांना हे सहसा माहीत नसतं. आपल्याकडच्या कॉपीराइट कायद्यात पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक पैसे देणारा असतो, वेगळा करार नसेल तर. म्हणजे तुम्हाला ती टूर स्वतःच्या पोर्टफोलिओत दाखवायची असेल तर कोटेशनमध्ये तशी एक ओळ हवी.

आणि पहिल्या पायरीतलं ते होस्टिंग. मुदत संपायच्या सात दिवस आधी मी हा मेसेज पाठवते, हवा तर जसाच्या तसा वापरा:

"नमस्कार दादा, कर्वेनगर टू बीएचकेच्या टूरचे ९० दिवस ३० तारखेला संपतायत. फ्लॅट गेला असेल तर कळवा, लिंक बंद करते. चालू ठेवायची असेल तर पुढच्या महिन्याचे ३०० रुपये पाठवा. दोन्हीपैकी काही कळवलं नाहीत तर १ तारखेला लिंक बंद होईल, फाइल माझ्याकडे सहा महिने राहील, केव्हाही परत चालू करून देईन."