दाताच्या ऑपरेशनला फुल भूल देताय? मग श्वासाची सोय आधी बघा

भूलशास्त्राचे जे रेसिडेंट आत्ताच डेंटल केसेस घ्यायला लागलेत त्यांच्यासाठी हे. अडकलेल्या अक्कलदाढा, जबड्याचं फ्रॅक्चर, लहान पोरांचे एकदम सगळे किडलेले दात, ऐकायला किरकोळ वाटतं, पण एकदा ड्रेप पडला की तोंड सर्जनच्या ताब्यात आणि तुम्ही बाजूला बसून मॉनिटर बघत राहणार, त्यामुळे जे काय ठरवायचं ते पेशंट झोपायच्या आधीच ठरवा.

सगळ्यात आधी तोंड उघडायला सांगा. पेशंटची स्वतःची तीन बोटं आत गेली तर बरं, नाही गेली तर का नाही ते शोधा. दाढ दुखतेय म्हणून उघडत नसेल तर भूल आणि रिलॅक्सेंट (स्नायू सैल करणारं औषध) दिल्यावर बऱ्याचदा उघडतं, बऱ्याचदा म्हणतोय, नेहमी नाही. पण सुपारी-मावा-गुटख्यावाल्याला सबम्युकस फायब्रोसिस (तोंडाच्या आतलं अस्तर आखडण्याचा आजार) असेल तर गालातले पट्टे इतके कडक झालेले असतात की रिलॅक्सेंट कितीही द्या, तोंड तेवढंच राहणार. गुटख्याला महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे म्हणे, डेंटल ओपीडीत तासभर बसा मग कळेल. अशा माणसाला "झोपवून बघू" करायचं नाही, जागेपणीच नाक बधिर करून फायबरऑप्टिकने (लवचीक दुर्बिणीने) श्वासनलिकेत ट्यूब टाका. जिभेखाली पू होऊन गळा सुजलेला असेल तरी तेच, आणि ट्रेकिओस्टॉमी (गळ्यातून थेट श्वासनलिकेला वाट) करणारा माणूस ऑपरेशन थिएटरात हजर हवा, फोनवर नाही.

बाकी साध्या केसला नाकातून ट्यूब, म्हणजे सर्जनला तोंड मोकळं. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील किंवा कवटीच्या तळाला फ्रॅक्चरची शंका असेल तर मात्र नाकाच्या वाटेला जाऊ नका. एकेक नाकपुडी दाबून कुठून श्वास मोकळा येतो ते बघा, झायलोमेटाझोलिनचे (नाक मोकळं करणारे) थेंब दोन्हीकडे टाका आणि ते आधी टाका, ऐनवेळी टाकून काही उपयोग नाही. बाईला साधारण ६ ते ६.५, पुरुषाला ६.५ ते ७ मिमीची नॉर्थ पोल ट्यूब (बाहेरचं टोक कपाळाकडे वळलेली), कोमट सलाईनमध्ये ठेवून मऊ केलेली, जेली लावून. ट्यूब वर डोळ्याकडे नाही, नाकाच्या तळाने सरळ मागे. अडली तर जरा फिरवून बघा, तरी नाही गेली तर दुसरी नाकपुडी, पण रेटायचं नाही. लहान मुलांमध्ये तर अजिबात नाही, मागे ॲडिनॉइडच्या गाठी असतात. मॅगिल फोर्सेप्सने (घशात ट्यूब वळवायच्या वाकड्या चिमट्याने) कफ, म्हणजे ट्यूबच्या टोकाजवळचा हवेचा फुगा, पकडलात तर फाटतो, कफ सोडून त्याच्या वरच्या भागात ट्यूब धरा.

कॅप्नोग्राफवर (श्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणाऱ्या मॉनिटरवर) नीट कर्व्ह येत राहिला की ट्यूब फिक्स करा, नाकपुडीची कड पांढरी पडतेय का ते बघा. सर्जनने डोकं हलवलं की छाती पुन्हा दोन्हीकडे ऐका, कारण हनुवटी खाली गेली की ट्यूब आत सरकते आणि मान मागे गेली की बाहेर.

आता थ्रोट पॅक, म्हणजे रक्त खाली जाऊ नये म्हणून घशात ठेवायची गॉजची पट्टी. सवय म्हणून टाकू नका, ब्रिटनमधल्या भूलतज्ज्ञ आणि सर्जन यांच्या संघटनांनीही २०१८ मध्ये हेच सांगितलं. खरंच लागणार असेल तर ज्याने टाकला त्याने मोठ्याने सांगायचं, सिस्टरने बोर्डावर लिहायचं, शेपूट बाहेर ठेवायचं, कपाळावर स्टिकर लावायचा. घशात विसरलेला पॅक ट्यूब काढल्यावर जीव घेतो. हा सगळा तमाशा एवढ्यासाठीच.

संपताना घाई नको. लॅरिंगोस्कोपने (घसा बघायच्या दिव्याने) बघत सक्शन करा आणि मऊ टाळूच्या मागेसुद्धा करा, तिथे लपलेली रक्ताची गुठळी नंतर खाली पडून श्वासनलिका बंद करते, तिला कॉरोनर्स क्लॉट म्हणतात, नाव उगाच नाही पडलं. पॅक निघाला हे मोजून झाल्यावर, पेशंट पूर्ण जागा होऊन सांगितलेलं ऐकायला लागल्यावरच ट्यूब काढा. तरी घसा आवळला तर शंभर टक्के ऑक्सिजन, जबडा पुढे, मास्क घट्ट धरून प्रेशर, नाही सुटलं तर थोडं प्रोपोफॉल (भुलीचं औषध), मग सक्सा (सक्सामेथोनियम, झटपट रिलॅक्सेंट), दोन्ही आधीच भरून ठेवलेली हवीत. जबडा तारेने बांधला असेल तर वायर कटर उशाशी ठेवा आणि कुठल्या तारा कापायच्या ते वॉर्डच्या सिस्टरला सर्जनकडूनच दाखवून घ्या.