एमएसडब्ल्यूसाठी कॉलेज निवडताना फिल्डवर्क कसं तपासावं

एमएसडब्ल्यूला, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर पदवीला, प्रवेश घेणारे बहुतेक जण कॉलेजला तीनच गोष्टी विचारतात: नॅकची श्रेणी कोणती, फी किती आणि प्लेसमेंट किती टक्के. विचारावंच. पण तेवढ्यावर निवड केली तर अर्धा अभ्यासक्रम न बघताच घेतला असं होतं. ही पदवी वर्गात शिकवली जाते तशी एजन्सीतही, म्हणजे विद्यार्थी प्रत्यक्ष कामासाठी जातो त्या संस्थेतही, शिकवली जाते. हेच फिल्डवर्क. वर्गातलं राहून गेलेलं नंतर वाचून भरून काढता येतं. दोन वर्षांचं फिल्डवर्क मात्र नुसतं सह्यांपुरतं झालं असेल, तर पहिल्या नोकरीत पहिल्याच गृहभेटीला ते उघडं पडतं. म्हणून इथे महाराष्ट्रातल्या एमएसडब्ल्यूच्या निवडीची सगळी वाट दिली असली, तरी जोर फिल्डवर्कवर आहे. बाकीच्या पायऱ्या सोप्या आहेत.

मान्यता

विद्यापीठ यूजीसीच्या यादीत आहे, आणि कॉलेजची त्या विद्यापीठाशी एमएसडब्ल्यूसाठीची संलग्नता यंदाही चालू आहे, एवढं विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून बघा. दूरस्थ अभ्यासक्रम असेल तर यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या यादीतही तो असायला हवा. दहा मिनिटांचं काम आहे.

मान्यता मिळाली म्हणजे दर्जाही तपासला गेला, असं मात्र समजू नका. वकिलीला बार कौन्सिल आहे. समाजकार्याच्या शिक्षणावर लक्ष ठेवणारी तशी स्वतंत्र वैधानिक परिषद देशात अजून झालेली नाही. २०२१ च्या संलग्न आरोग्यसेवा व्यावसायिकांच्या कायद्यात वैद्यकीय आणि मनोविकार क्षेत्रातले समाजकार्यकर्ते आले आहेत, बाकीचा व्यवसाय बाहेरच आहे. त्यामुळे विद्यापीठाचा अभ्यासक्रम शब्दशः तोच असलेल्या दोन कॉलेजांत प्रत्यक्ष शिक्षणाचा फरक जमीन-अस्मानाचा असू शकतो. तो बघणारं कोणी नाही, तुम्हालाच बघावा लागतो.

यादी आणि वेळापत्रक

पाच-सहा नावांपेक्षा मोठी यादी करू नका, नीट तपासणी होत नाही. मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूटसाठी सीयूईटी-पीजी ही देशपातळीवरची प्रवेशपरीक्षा द्यावी लागते आणि तिचे अर्ज आदल्या डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास सुटतात. पदवीचा निकाल लागल्यावर जूनमध्ये चौकशी सुरू करणाऱ्यांचा तो रस्ता तोपर्यंत बंद झालेला असतो. मुंबईचं निर्मला निकेतन, पुण्याची कर्वे समाज सेवा संस्था, अहिल्यानगरचं सीएसआरडी, नागपूरची जुनी समाजकार्य महाविद्यालयं यांच्या तारखा आणि पद्धती वेगवेगळ्या असतात. त्या कॉलेजकडूनच घ्या, कोचिंग क्लासच्या तक्त्यावरून नको.

जुन्या नावाला अर्थ आहे, पण तो कशामुळे हे कळलं पाहिजे. टाटा इन्स्टिट्यूट १९३६ ची, देशातली पहिली. वय हा तिचा एक भाग झाला. १९८४ मध्ये मुंबई पोलिसांसोबत तिने महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष सुरू केला आणि १९९६ मध्ये तिच्याच एका क्षेत्रप्रकल्पातून १०९८ ची चाईल्डलाईन ही मुलांसाठीची मदतवाहिनी उभी राहिली. कॉलेज स्वतः काम चालवत असेल तर विद्यार्थ्याला बघायला आणि चुकायला हक्काची जागा मिळते. लहान गावातल्या कॉलेजचं एखादं समुपदेशन केंद्र वर्षानुवर्षं नेमाने चालू असेल, तर त्याचे गुण मी इमारतीपेक्षा जास्त धरेन.

फिल्डवर्क: इथे घाई करू नका

प्रत्येक कॉलेजच्या माहितीपत्रकात एकच वाक्य असतं: आठवड्यातून दोन दिवस क्षेत्रकार्य. दोन दिवस म्हणजे साधारण १५ तास, ही रूढ पद्धत आहे. सोबत ग्रामीण शिबिर, सुरुवातीच्या परिचयभेटी आणि शेवटी ब्लॉक प्लेसमेंट, म्हणजे एकाच ठिकाणी सलग महिनाभर काम. (फिल्डवर्कमधली प्लेसमेंट म्हणजे कामाचं ठिकाण, नोकरी नव्हे.) कागदावर सगळीकडे हेच दिसणार, त्यामुळे ‘तुमच्याकडे फिल्डवर्क आहे का’ हा प्रश्न निरुपयोगी. विचारायचे प्रश्न वेगळे आहेत.

पहिला प्रश्न तारखेचा. गेल्या वर्षी पहिल्या सेमिस्टरचं फिल्डवर्क नेमकं कोणत्या तारखेला सुरू झालं आणि कधी संपलं? सेमिस्टरचे १५ आठवडे धरले तर ३० दिवस व्हायला हवेत. प्रवेश लांबतात, एजन्सीची पत्रं उशिरा निघतात, मग सण आणि मग परीक्षा. प्रत्यक्षात अठरा-वीस दिवसच उरतात आणि तास मात्र पूर्ण दाखवले जातात. तारीख चटकन सांगणाऱ्या कॉलेजात नोंद ठेवली जाते. ‘नियमानुसार होतं’ हे उत्तर मिळालं तर वहीत तसंच लिहून घ्या आणि पुढचा प्रश्न विचारा.

दुसरा प्रश्न मार्गदर्शकांचा, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. एका प्राध्यापकाकडे फिल्डवर्कचे किती विद्यार्थी असतात? हिशेब साधा आहे. प्रत्येक विद्यार्थ्याची आठवड्याला अर्ध्या तासाची आयसी, म्हणजे वैयक्तिक चर्चा, धरा. दहा विद्यार्थी असतील तर पाच तास लागतात, ते जमतं. पंचवीस असतील तर साडेबारा तास, शिवाय प्रत्येकाची दोन दिवसांची मिळून पन्नास रेकॉर्डिंग, म्हणजे त्या दिवशीच्या कामाच्या लेखी नोंदी, वाचायची, एजन्सीला भेटी द्यायच्या आणि वर्गही घ्यायचे. हे होत नाही. होतं ते असं की आयसीची जीसी, म्हणजे गटचर्चा, होते; सगळ्यांना एकत्र बसवून ‘कसं चाललंय’ विचारलं जातं. गटचर्चा हवीच, पण तुमच्या केसमध्ये तुम्ही कुठे अडलात ते गटात निघत नाही.

याच ओघात मंजूर पदं किती, भरलेली किती आणि तासिका तत्त्वावर किती जण, हे विचारा. यात संकोच नको. राज्यातली अनुदानित समाजकार्य महाविद्यालयं सामाजिक न्याय विभागाकडे आहेत, कॉलेजचा उल्लेख ‘अनुदानित’ असेल तरी पदं रिकामी असू शकतात. तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकाला मानधन मिळतं ते घेतलेल्या तासांचं. आयसी, रेकॉर्डिंग तपासणी, एजन्सीभेट यांचा वेळ त्यात सहसा धरलेला नसतो. तो माणूस कितीही कळकळीचा असला तरी हे काम तो पदरमोड करून करत असतो, आणि त्या भरवशावर दोन वर्षं काढणं धोक्याचं. निम्म्याहून जास्त शिक्षक असे असतील तर ते नाव यादीतून काढा.

तिसरी गोष्ट एजन्सींची यादी. ती मागा, चालू वर्षाचीच. संकेतस्थळावरची यादी बहुधा आजवर कधीही नाव आलेल्या सगळ्या संस्थांची असते. मिळालेल्या यादीतल्या तीन ठिकाणी फोन करा आणि विचारा की या कॉलेजचे विद्यार्थी सध्या येतात का, त्यांच्याकडे कोण बघतं आणि कॉलेजचे प्राध्यापक शेवटचे कधी आले होते. तिसरा प्रश्न निवाडा करतो. ‘ते पत्र पाठवतात, मुलं येतात’ असं ऐकलं तर तिथे कॉलेजचं लक्ष नाही.

एजन्सी कोणत्या प्रकारच्या आहेत तेही बघा. यादीत सगळ्याच शाळा आणि अंगणवाड्या असतील तर दोन वर्षं जनजागृतीची व्याख्यानं आणि फोटो, एवढंच हाती लागतं. रुग्णालय, निरीक्षणगृह, जिल्हा बाल संरक्षण कक्ष, वस्तीपातळीवरची संघटना, गावपातळीवरचं काम अशी सरमिसळ हवी, आणि दोन वर्षांत किमान दोन वेगळ्या प्रकारची ठिकाणं मिळायला हवीत. एजन्सीत एमएसडब्ल्यू झालेला माणूस मार्गदर्शक असेल तर उत्तम. नसेल तर कॉलेजच्या प्राध्यापकाने जास्त वेळा जायला हवं. एजन्सीच नसलेल्या, थेट वस्तीत होणाऱ्या प्लेसमेंटला काही जण नाकं मुरडतात. ते चूक आहे. प्राध्यापक सोबत फिरत असेल तर शिकायला याहून चांगली जागा नाही, आणि फिरत नसेल तर याहून वाईट नाही.

फुकटात राबवून घेणाऱ्या संस्था हा वेगळा प्रकार. विद्यार्थी महिनोन्‌महिने सर्व्हेचे फॉर्म भरतात, एक्सेलमध्ये नावं चढवतात, कार्यक्रमाला खुर्च्या लावतात. थोडं हे काम सगळ्यांनाच करावं लागतं. पण पहिल्या वर्षाच्या शेवटी एकही केस पूर्ण हाताळलेली नाही, एकही गट आठ-दहा सत्रं चालवलेला नाही, असं असेल तर एजन्सीइतकाच दोष ती न बदलणाऱ्या कॉलेजचा आहे. असं घडलं तर एजन्सी बदलून मिळते का आणि कोणाला मिळाली, हे विचारा.

ही उत्तरं ऑफिसात अर्धीच मिळतात. उरलेली दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांकडे असतात. कॉलेजने पुढे केलेला विद्यार्थी नको, कँटीनमध्ये बसलेला गाठा. त्याला ‘कॉलेज कसं आहे’ विचारलंत तर ‘चांगलं आहे’ एवढंच ऐकाल. त्याऐवजी म्हणा, ‘तुमचं एखादं जुनं रेकॉर्डिंग बघू का? नावं झाका.’ लाल शाईत काय लिहिलंय ते बघा. पानापानावर नुसती सही आणि तारीख असेल तर निकाल लागला. ‘ती गप्प झाली तेव्हा तुम्ही विषय का बदललात?’ असा एखादा प्रश्न समासात दिसला, तर त्या कॉलेजात शिकवलं जातं. दोन-तीन वह्या बघितल्या की नॅकच्या अहवालाने कळलं नसतं ते कळतं.

रेकॉर्डिंग कोणत्या भाषेत लिहायचं हेही तिथेच विचारून घ्या. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला पहिल्या दिवसापासून इंग्रजीत लिहायला लावलं तर तो जे घडलं ते न लिहिता, जे लिहिता येतं ते लिहितो. गृहभेटीत समोरच्या बाईंनी सांगितलेलं सगळं ‘क्लायंट वॉज सॅड’ मध्ये आटपतं. निदान पहिलं वर्ष मराठीत लिहू देणारं कॉलेज निवडावं आणि इंग्रजी शेजारी वाढवावं. नोकरीत अहवाल इंग्रजीत मागतात हे खरं, त्यामुळे त्याकडे पाठही फिरवू नका.

शेवटचं अंतर. कॉलेज घराजवळ आहे म्हणून घेतलं आणि एजन्सी शहराच्या दुसऱ्या टोकाला, असं सर्रास होतं. प्रवासखर्च बहुतेक ठिकाणी विद्यार्थ्याचाच असतो. रोजचे चार तास प्रवासात जाणार असतील तर रेकॉर्डिंग त्याच रात्री लिहिलं जात नाही, आणि तीन दिवसांनी लिहिलेल्यात निम्मं आठवून जुळवलेलं असतं.

स्पेशलायझेशन

माहितीपत्रकात चार असतात, चालतात दोन. गेल्या वर्षी कोणत्या स्पेशलायझेशनला किती जण होते आणि तो विषय कोण शिकवतं, हे विचारलं की खरं चित्र कळतं. रुग्णालयातलं समाजसेवा अधीक्षक पद डोळ्यासमोर असेल तर वैद्यकीय व मनोविकार समाजकार्य घ्या, मात्र कॉलेजची एखाद्या मोठ्या सरकारी रुग्णालयात प्लेसमेंट आहे याची खात्री करून. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातली मनोविकार समाजकार्यकर्त्याची व्याख्या एमएसडब्ल्यूवर थांबत नाही, पुढे दोन वर्षांचा पूर्णवेळ एम.फिल. मागते. ‘आमच्याकडून सायकियाट्रिक सोशल वर्कर व्हा’ असं कोणी सांगत असेल तर पुढचं वाक्यही त्याला विचारा.

मनुष्यबळ विकास हे बऱ्याच ठिकाणी सगळ्यात भरलेलं स्पेशलायझेशन असतं आणि प्लेसमेंटची टक्केवारी त्यावरच फुगते. तुम्हाला बालकल्याणात किंवा समुदायकार्यात जायचं असेल तर त्या टक्केवारीचा तुमच्याशी संबंध नाही. तुमच्या स्पेशलायझेशनचे गेल्या वर्षीचे विद्यार्थी आज कुठे आहेत, तेवढंच विचारा. केवळ एचआरच करायचं असेल, तर व्यवस्थापनाची पदवी त्याहून सरळ वाट आहे. कामगार कल्याण हा अपवाद, तिथे समाजकार्याचा पाया कामी येतो.

फी आणि शिष्यवृत्ती

फी विचारताना शिबिर, अभ्याससहल आणि ब्लॉक प्लेसमेंटचा खर्च वेगळा विचारा, तो फीच्या पावतीत दिसत नाही. शिष्यवृत्तीवर अवलंबून असाल तर महाडीबीटी या राज्य सरकारच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर त्या कॉलेजचं आणि त्या अभ्यासक्रमाचं नाव दिसतंय का, हे प्रवेशाआधी स्वतः बघा. नवीन अभ्यासक्रम तिथे चढवलेला नसला तर अर्जच भरता येत नाही, आणि ऑफिसातलं ‘होऊन जाईल’ हे उत्तर शिष्यवृत्तीच्या कामाचं नसतं. जातवैधता, उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर यांच्या तारखा संपत आल्या असतील तर आधी ते उरका.

प्रवेश घेताना

यादी दोन नावांवर आली की दोन्हीकडे अर्ज ठेवा. पहिल्या कॉलेजात प्रवेश घेतल्यावर दुसऱ्याची यादी लागते, हे दरवर्षी होतं. मूळ गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला पडताळणीसाठी दाखवायचे आणि परत घ्यायचे. ते अडकवून ठेवायला यूजीसीने २०१८ मध्ये मनाई केली आहे आणि प्रवेश रद्द केल्यास किती दिवसांत किती टक्के फी परत मिळते, हेही त्याच परिपत्रकात आहे. त्याची प्रत मोबाईलमध्ये ठेवून खिडकीवर जा.