नवरा-बायकोने मिळून जुने फर्निचर दुरुस्त करून विकण्याची रीत

नागपुरात जुन्या लाकडी सामानाची वाण नाही. महाल, इतवारी, धंतोली, धरमपेठ या भागांतली जुनी घरे पडून तिथे फ्लॅट स्कीम उभ्या राहत आहेत, आणि दोन पिढ्यांनी वापरलेला सागवानी पलंग, आरामखुर्ची किंवा आरशाची आलमारी नव्या घरात मावत नाही म्हणून कबाड्याच्या गाडीवर चढते. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलांतले सागवान इथल्या घरांत सढळ हाताने वापरले गेलेले असल्यामुळे ऑइलपेंटच्या थरांखाली उत्तम लाकूड निघण्याची शक्यता बरीच असते. अशी वस्तू भंगारात जाऊ नये असे आम्हा दोघांना मनापासून वाटते, आणि तीच ओढ असलेल्या जोडप्यांसाठी हे लिहिले आहे. सुताराचे काम शिकता येते, पॉलिशही हातात बसते. परंतु हे सगळे राहत्या घरात, स्वयंपाक, मुले आणि सासू-सासरे सांभाळून करायचे असल्यामुळे आधी घराचे नियम ठरवावे लागतात आणि मगच अवजारांची खरेदी करावी.

पहिला नियम जागेचा. गच्ची, मागचे अंगण, सज्जा किंवा एखादी खोली, जे काही असेल ते कामासाठी नेमून द्यावे आणि त्या जागेतून उरलेल्या घरात लाकडाचा भुसा, स्पिरिटचा वास किंवा अर्धवट उघडलेली खुर्ची येणार नाही असे दोघांनी ठरवावे. झोपण्याची खोली आणि स्वयंपाकघर यांना यातून पूर्ण वगळावे. घरात कोणाला दमा असेल तर घासकामाचे कपडे बाहेरच बदलावेत. एका वेळी किती वस्तू अपुऱ्या अवस्थेत असाव्यात याचीही मर्यादा हवी. साधारण घराला दोन पुरेत. तिसरी वस्तू कितीही स्वस्त मिळत असली, तरी पहिल्या दोनपैकी एक विकली गेल्याशिवाय ती दाराशी आणू नये, कारण घरातले बहुतेक वाद वस्तूंच्या दर्जावरून होत नाहीत, तर जाण्यायेण्याच्या वाटेत महिनोन्‌महिने पडून राहिलेल्या सामानावरून होतात.

दुसरा नियम खरेदीचा, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा: दोघांच्या होकाराशिवाय पैसे द्यायचे नाहीत. दोघांपैकी एकाने नाही म्हटले तर त्या दिवशी ते नाहीच, आणि त्यासाठी कारण देण्याची सक्ती नसावी. विकणारा घाई करतो, दुसरे गिऱ्हाईक उभे असल्याचे सांगतो. त्याला "घरी विचारून सांगते" एवढे उत्तर पुरते. हे वाक्य नवऱ्यानेही निःसंकोच वापरावे. एकट्याने उत्साहात उचलून आणलेल्या वस्तूची साफसफाई, तिच्यासाठी येणारे फोन आणि तिने अडवलेली जागा यांचा भार दुसऱ्यावर पडतो, आणि ज्याला तो भार उचलायचा आहे त्याचे मत आधी घेणे हा साधा न्याय आहे.

हिशेबाची वही पहिल्या दिवसापासून ठेवावी आणि घरखर्चाच्या पैशांपासून हा पैसा वेगळा ठेवावा. वहीत खरेदी, वाहतूक आणि सामान यांच्याबरोबर दोघांचे तास लिहावेत. उदाहरणार्थ, एक सागवानी खुर्ची १,२०० रुपयांना घेतली, आणायला ३०० लागले, पॉलिशची लाख, स्पिरिट, सँडपेपर यांवर ३५० गेले आणि ती ३,५०० रुपयांना विकली, तर हातात १,६५० रुपये उरले. दोघांचे मिळून ११ तास लागले असतील तर तासाला १५० रुपये पडले. हा आकडा समोर असला की कोणती वस्तू पुन्हा घ्यावी आणि कोणती घेऊ नये हे वाद न होता ठरते. तासांमध्ये फक्त घासणे आणि पॉलिश धरू नये. फोटो काढणे, पंधरा जणांना तेच मोजमाप पुन्हा पुन्हा सांगणे, गादीच्या खोळी शिवणे, पॉलिशनंतर गच्ची झाडणे हेही काम आहे, आणि बहुतेक घरांत ते बायकोच्या वाट्याला येऊन कोणत्याच वहीत लिहिले जात नाही. ते लिहावे.

आता वस्तू कशी पारखावी ते पाहू. खुर्ची किंवा टेबल उलटे करून खालची, पॉलिश न लागलेली बाजू पाहावी. फळीच्या पृष्ठावरच्या रेषा कडेवरून वळून टोकाला तशाच पुढे गेलेल्या दिसल्या तर ते अखंड लाकूड असते. कडेला थरांच्या पट्ट्या किंवा चिकटवलेली पट्टी दिसली तर ते प्लाय आहे असे समजावे. सागवान नखाने किंवा चाकूच्या टोकाने किंचित खरवडल्यास आतून सोनेरी-तपकिरी निघते, हाताला थोडे तेलकट लागते आणि त्याला चामड्यासारखा ओळखू येणारा वास असतो. सांधे हलवून पाहावेत. डुगडुगणारा सांधा ही तक्रार नव्हे, कारण तो उघडून पुन्हा बसवता येतो. मात्र सांध्यातच लाकूड फाटलेले असेल किंवा आधीच्या कोणी त्यात मोठे खिळे ठोकलेले असतील तर भाव त्या मानाने पाडावा.

किडीच्या बाबतीत भिडस्तपणा अजिबात नको. टाचणीच्या डोक्याएवढी भोके दिसली तर वस्तूखाली काळा कागद पसरून काही दिवस बाहेरच ठेवावी; कागदावर ताजे पीठ पडले तर भुंगा जिवंत आहे. सागवानाच्या गाभ्याला कीड सहसा लागत नाही, ती कडेच्या फिकट, पांढरट भागात शिरते, म्हणून तो भाग विशेष तपासावा. वाळवीच्या मातीच्या नळ्या दिसल्या तर वस्तू घेऊच नये. पलंग आणि सोफा यांच्यात ढेकणांचा धोका सर्वांत मोठा असतो. खोबणी, स्क्रूची भोके आणि कापडाच्या शिवणी टॉर्च लावून पाहाव्यात; काळे ठिपके किंवा सोललेली कात दिसली की तिथूनच परत फिरावे. जुनी गादी, फोम आणि कापड कधीही घरात घेऊ नये, लाकडी सांगाडाच आणावा. नागपूरच्या मे महिन्यातल्या उन्हात ठेवले की सगळे मरते अशी समजूत आहे, तिच्यावर विसंबू नये, कारण जाड लाकडाच्या आतपर्यंत पुरेशी उष्णता सलग टिकत नाही आणि त्याच उन्हाने सांधे उघडतात व व्हिनिअर, म्हणजे वर चिकटवलेला लाकडाचा पातळ पापुद्रा, फुगते.

जुन्या ऑइलपेंटबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) आत असावे हा नियम भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात शिसे असू शकते आणि ते लहान मुलांच्या मेंदूला व गर्भाला घातक असते. त्यामुळे जुना रंग कोरडा घासू नये. तो ओला करून वॉटर पेपरने (पाण्यात चालणाऱ्या सँडपेपरने) घासावा किंवा पेंट रिमूव्हर लावून खरवडावा, खाली प्लॅस्टिक पसरावे, एन-९५ मास्क लावावा आणि निघालेला चिखल पिशवीत बंद करून टाकावा. घरात गर्भवती स्त्री किंवा रांगते मूल असेल तर त्या काळात रंगवलेले सामान आणूच नये. निव्वळ पॉलिशचे सामान भरपूर मिळते.

दुरुस्तीत बहुतेक वेळ सांध्यांवर जातो. जुन्या फर्निचरमध्ये पुष्कळदा सरस वापरलेला असतो आणि तो कोमट पाण्याने मऊ होतो, म्हणून सांधा ठोकून तोडण्याआधी ओल्या फडक्याने भिजवून पाहावा. जुना सरस पूर्ण खरवडल्याशिवाय नवा फेविकॉल धरत नाही. सागवान तेलकट असल्याने चिकटवण्यापूर्वी तो भाग स्पिरिटने पुसावा. क्लॅम्प नसेल तर चौकटीभोवती दोरी बांधून तिला काठीने पीळ द्यावा. हे काम दोघांनीच करण्यासारखे आहे: एकाने पीळ धरावा, दुसऱ्याने दोन्ही कर्ण टेपने मोजावेत, आणि दोन्ही मापे सारखी आली की चौकट गुण्यात, म्हणजे काटकोनात, आली. अशा वेळी ज्याच्या हातात पीळ आहे त्यानेच सूचना द्याव्यात. दोघे एकदम बोलू लागले की सांधाही वाकडा बसतो आणि संध्याकाळही वाया जाते. घासताना सँडपेपर रेषेच्या दिशेनेच चालवावा, आधी १२० नंबर, मग १८०, शेवटी २२०. मधला नंबर गाळला तर ओरखडे पॉलिशखाली स्पष्ट दिसतात.

पॉलिश करण्यापूर्वी आधीचे पॉलिश कोणते ते ओळखावे. आतल्या बाजूला स्पिरिटचा थेंब टाकून मिनिटभर थांबावे. जागा चिकट झाली तर ते लाखेचे पॉलिश आहे, आणि मग सगळे खरवडण्याची गरज नसते, स्वच्छ करून त्यावरच नवे हात देता येतात. लाखदाणा लिटरभर स्पिरिटला १५० ते २०० ग्रॅम या प्रमाणात काचेच्या बरणीत रात्रभर भिजवावा, लोखंडी डब्यात तो काळपट होतो. सकाळी मलमलीतून गाळून कापसाच्या पुरचुंडीने पातळ हात द्यावेत आणि प्रत्येक हात सुकू द्यावा. स्पिरिट विषारी आणि ज्वालाग्राही असल्यामुळे ते पाण्याच्या बाटलीत कधीही ओतू नये, आणि शेगडीपासून दूर ठेवावे.

नागपूरच्या हवेत पॉलिशचा हंगाम म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी. एप्रिल-मे महिन्यांत स्पिरिट इतके भराभर उडते की हाताच्या खुणा राहतात, म्हणून तेव्हा भल्या पहाटे काम उरकावे. उन्हाळ्यातली खरी अडचण कुलरची आहे. कुलरची ओली हवा ताज्या लाखेवर लागली की तिच्यावर पांढुरकी झाक येते, त्यामुळे ज्या खोलीत कुलर चालू आहे तिथे पॉलिश करू नये. कुलर बंद करून पॉलिश करावे असे मी मुळीच सुचवणार नाही. ४५ अंशांच्या दुपारी घरच्या माणसांची झोप टेबलाच्या चकाकीपेक्षा अधिक मोलाची आहे, आणि पॉलिश दुसऱ्या दिवशी पहाटे करता येते. पावसाळ्यात तीच पांढुरकी झाक हवेतल्या दमटपणाने येते. ते चार महिने सांधे, वेताचे विणकाम, खोळी शिवणे यांसाठी राखून ठेवावेत.

काही जण लाखेऐवजी जवसाचे तेल लावतात. लाकडाला ते शोभते, परंतु तेलाने भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकल्यास ती सुकताना आपोआप तापतात आणि पेट घेऊ शकतात. इथल्या उन्हाळ्यात हा धोका हलक्यात घेण्याजोगा नाही. फडकी दोरीवर एकेक पसरून उघड्यावर वाळवावीत किंवा पाण्याने भरलेल्या डब्यात बुडवून मग टाकावीत, आणि हे काम त्या दिवशी कोणी करायचे ते काम सुरू होण्याआधीच ठरलेले असावे.

विदर्भातल्या जोडप्यांनी तान्ह्या पोळ्याचा विचार जरूर करावा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुले लाकडी नंदी सजवून मिरवतात, आणि पुष्कळ घरांत आजोबांच्या वेळचा, चाक तुटलेला, शिंग निखळलेला नंदी माळ्यावर पडलेला असतो. तो दुरुस्त करून देण्याचे काम लहान आहे, जागा कमी लागते आणि पावसाळ्याच्या मंद दिवसांत चार पैसे मिळतात. पोळा श्रावण अमावस्येला येत असल्याने काम आषाढातच हाती घ्यावे, म्हणजे उघडीप पाहून पॉलिश करता येते. त्यावर लाखच लावावी, कारण पूर्ण सुकलेली लाख मुलांच्या हातात निर्धोक असते. औषधी गोळ्यांनाही तिचे अस्तर दिलेले असते. घरच्या जुन्या नंदीचा मूळ रंग मालकाला विचारल्याशिवाय बदलू नये.

विक्रीबद्दल फार सांगण्यासारखे नाही. फोटो सकाळच्या उजेडात काढावेत, मापे आणि दोष स्पष्ट लिहावेत, आणि भुंग्याची जुनी भोके असतील तर ती फोटोत दाखवावीत. पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन कधीही टाकावा लागत नाही. पैसे पाठवतो म्हणून क्यूआर कोड स्कॅन करायला सांगणारा माणूस फसवत असतो. गिऱ्हाइकाला घरी बोलावण्याची वेळ दोघे घरी असतील अशीच द्यावी आणि जेवणाच्या वेळा त्यातून वगळाव्यात. किमान किंमत आधी दोघांनी ठरवून वहीत लिहावी, म्हणजे गिऱ्हाइकासमोर एकाने दुसऱ्याचा शब्द खोडण्याचा प्रसंग येत नाही. राज्यातल्या राज्यात मालाची वार्षिक विक्री ४० लाख रुपयांच्या आत असेल तर जीएसटीची नोंदणी सहसा लागत नाही, तरी धंदा वाढू लागला की हिशेबनिसाला विचारावे. जुन्या वस्तूंसाठी केवळ नफ्याच्या फरकावर कर भरण्याची सोय कायद्यात आहे.

एखादी वस्तू दोघांपैकी एकाच्या मनात भरते आणि ती विकवत नाही. तेव्हा ती ठेवून घ्यावी, तिच्या खरेदीचे आणि सामानाचे पैसे घरखर्चातून धंद्याच्या खात्यात भरावेत, आणि तिच्या जागी घरातली एक वस्तू विक्रीला काढावी. ती कोणती हे ठरवण्याचा हक्क दुसऱ्याचा असावा. जी वस्तू दोन महिन्यांत विकली जात नाही तिची किंमत उतरवावी, आणि दिवाळीच्या साफसफाईपर्यंतही ती राहिलीच तर खरेदीच्या भावात देऊन गच्ची मोकळी करावी.